समुद्रतळींचे नळ : आंतला दाब आणि बाहेरचा दाब

मुंबईंतील कित्येक घरांत आज स्वयंपाकाचा वायु नळानें येतो. गृहिणी खुंटी फिरविते, निळी ज्योत पेटते आणि दूध तापूं लागतें. त्या वायूचा कांहीं भाग समुद्राच्या तळावरून प्रवास करून आलेला असतो, हें त्या वेळीं कोणाच्या मनांत येत नाहीं, व येण्याचें कारणहि नाहीं. मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर, अरबी समुद्राच्या तळाखालीं, १९७४ सालीं तेलाचा मोठा सांठा सांपडला. १९७६ मध्यें तेथून तेल निघूं लागलें, आणि १९७८ पासून तेथील तेल व वायु समुद्रतळावर टाकलेल्या पोलादी नळांतून उरणच्या किनाऱ्याला पोंचूं लागले. उरणला त्या वायूची शुद्धि होते व तेथून तो पुढें शहराकडे जातो.

अशा नळाविषयीं साहजिकच एक प्रश्न सुचतो. वर समुद्राचें एवढें पाणी असतां हा नळ चेपत कसा नाहीं? आणि आंत वायु इतक्या जोरानें कोंबलेला असतां तो फुटत कसा नाहीं? यावर पुष्कळ सुशिक्षित माणसें झटकन् उत्तर देतात कीं, "आंतला दाब बाहेर रेटतो, बाहेरचा दाब आंत रेटतो, दोघांची फिटंफाट होते आणि नळ सुखरूप राहतो." हें उत्तर निम्में खरें आहे. उरलेलें निम्में जर कोणी खरें मानून चालला, तर त्याचा नळ समुद्राच्या तळाशीं कागदाच्या सुरळीसारखा चपटा झाल्यावांचून राहणार नाहीं. या दोन निम्म्यांची फोड आज करावयाची आहे.

प्रथम दाबाचें माप ठरवूं. आपल्या डोक्यावरील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलोग्रॅम असतो. या दाबाला आपण एक वातावरण म्हणूं. समुद्रांत दर दहा मीटर खोलीला दाब आणखी एका वातावरणानें वाढतो, हा हिशेब ध्यानांत ठेवण्यास सोपा आहे. मुंबई हायच्या परिसरांत समुद्र सुमारें ७५ मीटर खोल आहे. म्हणजे तेथील नळावर पाण्याचा दाब साडेसात वातावरणांचा झाला. हा दाब केवळ वरूनच पडतो असें नाहीं. पाणी वरून, खालून, बाजूंनी सारखेंच रेटतें. म्हणून समुद्रांतला नळ हा ओझ्याखालीं दबलेल्या हमालासारखा नसून, सर्व बाजूंनीं मुठींत धरलेल्या वस्तूसारखा असतो.

आतां आंतल्या दाबाकडे वळूं. लांबच लांब नळ ही एकापुढें एक जोडलेल्या बांगड्यांची माळ आहे अशी कल्पना करा. त्यांतली एकच बांगडी, एक सेंटिमीटर रुंदीची, हातीं घ्या. आंतला वायु तिला सर्व बाजूंनीं बाहेर ढकलीत आहे. तिचें वरचें अर्धें खालच्या अर्ध्यापासून वेगळें होऊं पाहतें. पण दोन्ही बाजूंचें पोलाद त्यांना धरून ठेवतें. दोन माणसें दोरीचीं दोन टोकें ओढीत असतांना दोरींत जो ताण उत्पन्न होतो, तोच येथें बांगडीच्या घेरांत उत्पन्न होतो. हा ताण किती? आंतला दाब व्यासानें गुणावा, म्हणजे दोन अर्ध्यांना दूर लोटणारा जोर मिळतो. तो जोर दोन बाजूंच्या पोलादांत वांटला जातो. म्हणून त्यास जाडीच्या दुपटीनें भागावें. झाला हिशेब. व्यास वाढला कीं ताण वाढतो, जाडी वाढली कीं ताण कमी होतो. सतराव्या शतकांत फ्रान्समध्यें व्हर्सायच्या राजवाड्याला पाणी नेणाऱ्या नळांच्या कामीं एद्म मारिओत या शास्त्रज्ञानें नळ मुद्दाम फोडून पाहिले, आणि नळाची जाडी दाबाच्या व व्यासाच्या प्रमाणांत ठेवावी हा नियम सांगितला. आजचे अभियंते हिशेबाला आरंभ करतात तो याच नियमानें.

एक खराखुरा नळ घेऊन हा हिशेब करूं. बाल्टिक समुद्राच्या तळावरून रशियाचा वायु जर्मनीस नेण्याकरितां २०११ व २०१२ सालीं नॉर्ड स्ट्रीम नांवाचे दोन जोडनळ सुरू झाले. त्यांची लांबी १,२२४ किलोमीटर. त्यांचा आंतला व्यास १,१५३ मिलिमीटर, म्हणजे लहान मूल आंत उभें राहील एवढा. रशियाच्या किनाऱ्यावर वायु २२० वातावरणांच्या दाबानें आंत लोटला जाई. ११५.३ सेंटिमीटरांस २२० नीं गुणलें असतां सुमारें २५,४०० किलोग्रॅम येतात. एका बोटभर रुंदीच्या कड्याचीं दोन अर्धीं दूर लोटणारा हा जोर पंचवीस टनांहून अधिक, म्हणजे पांच-सहा मोठ्या हत्तींच्या वजनाइतका झाला! भिंतीची जाडी तेथें ३४.६ मिलिमीटर होती. तेव्हां दर चौरस सेंटिमीटर पोलादावर सुमारें ३,६७० किलोग्रॅम ताण आला. त्या जातीचें पोलाद सुमारें ४,९०० किलोग्रॅमांपर्यंत न हटतां ताण सोसतें. म्हणजे नळ सुरक्षित होता. मात्र त्या सुरक्षिततेंत उधळपट्टी नव्हती.

नळाच्या लांबीच्या दिशेनेंहि ताण येतो. टोकें बंद असलेल्या नळांत वायु टोकांना रेटतो व भिंत लांबीवर ओढली जाते. परंतु हा ताण घेराच्या ताणाच्या निम्माच भरतो. म्हणूनच आंतल्या दाबानें नळ फुटतो तेव्हां तो बहुधा आडवा तुटत नाहीं, लांबीवर उभा चिरतो. बागेला पाणी घालण्याची जुनी रबरी नळी कशी फाटते, हें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस हें निराळें सांगावयास नको.

आतां त्या उत्तरांतलें खरें निम्में पाहूं. नळ समुद्रांत असेल तर बाहेरचें पाणी बांगडीच्या दोन अर्ध्यांना जवळ लोटून पोलादाला मदत करतें. म्हणून नळाला फोडूं पाहणारा दाब म्हणजे आंतला दाब वजा बाहेरचा दाब. शंभर मीटर खोलीवर आंत २२० असेल, तर पोलादाच्या वांट्याला सुमारें २१० च येतात. शिवाय वायु नळांतून वाहतांना भिंतीशीं घासून त्याचा दाब वाटेंत कमी होत जातो. नॉर्ड स्ट्रीममध्यें जर्मनीच्या किनाऱ्यावर तो १०६ वातावरणांच्या आसपास उरे. म्हणून तेथवर भिंतीची जाडीहि टप्प्याटप्प्यानें उतरवीत नेलेली होती: आधीं ३४.६ मिलिमीटर, मग ३०.९, आणि शेवटीं २६.८. पोलादाची ही काटकसर मारिओतच्याच नियमावर उभी होती.

या वजाबाकीचा पुरावा सर्व जगानें एका दुर्घटनेंत पाहिला. २६ सप्टेंबर २०२२ रोजीं बोर्नहोम बेटाजवळ समुद्रतळीं स्फोट होऊन हे नळ, व त्यांच्याच शेजारीं नंतर टाकलेल्या जोडींतला एक नळ, फुटले. पाण्याच्या पृष्ठभागावर वायूचे प्रचंड बुडबुडे कित्येक दिवस उसळत होते. त्या नव्या नळांत वायु भरून ठेवलेला होता. त्याचा दाब १०५ वातावरणांवरून उतरत उतरत ७ वर आला. तो शून्यावर कां गेला नाहीं? कारण त्या जागीं समुद्राची खोली सुमारें सत्तर मीटर, आणि सत्तर मीटर पाण्याचा दाब सातच वातावरणांचा. आंतला व बाहेरचा दाब सारखा होतांच वायु बाहेर पडण्याचें थांबलें. आठवड्याभरांत समुद्र शांत दिसूं लागला. तोंवर वायूचा फार मोठा सांठा हवेंत मिसळून गेला होता.

येथवर फिटंफाट करणाऱ्या उत्तराची बाजू भक्कम दिसते. पण आतां नळांतला वायु काढून घ्या व नळ रिकामा करा. बाहेरचें पाणी मात्र आहे तेथेंच आहे. आंतून २२० वातावरणें सोसणारा नळ बाहेरून २२० सोसेल काय? गणिताच्या दृष्टीनें चिन्ह तेवढें बदललें. ताणाच्या जागीं तितकेंच दडपण आलें. आणि पोलाद तर दडपणालाहि ताणाइतकेंच खंबीर असतें. तरीहि उत्तर आहे: नाहीं, मुळींच नाहीं.

याचें कारण घरच्या दोन उदाहरणांत सांपडतें. शहाळ्याचें पाणी कागदी नळीनें पितांना कोवळी मलई नळीच्या तोंडाशीं अडकली, तर आपण जोरानें ओढतों आणि नळी एकदम चपटी होते. त्याच नळींत फुंकर घातली, तर कितीहि जोर केला तरी ती फुटत नाहीं. दुसरें उदाहरण शाळेंतल्या प्रयोगाचें. पत्र्याच्या डब्यांत थोडें पाणी उकळावें, वाफेनें आंतली हवा हांकलून द्यावी, विस्तव काढून घट्ट बूच लावावें आणि वर गार पाणी ओतावें. आंतली वाफ पाणी होते, डबा आंतून जवळजवळ रिकामा होतो, आणि बाहेरची हवा त्याला पाहतां पाहतां चुरगळून टाकते. एका वातावरणाच्या आंतच त्या डब्याची ही गत होते.

आंतला दाब नळाचा मित्र असतो, असें म्हटलें तर आश्चर्य वाटेल; पण एका अर्थानें तें खरें आहे. कारखान्यांत केलेला कोणताहि नळ अगदीं पूर्ण वर्तुळ नसतो. कोठें केसभर लांबट, कोठें केसभर चपटा असतोच. आंतून दाब दिला कीं तो लांबट नळ गोल होऊं लागतो. त्याचा दोष दाबच सुधारतो. बाहेरून दाब दिला कीं उलट होतें. जी बाजू किंचित् चपटी, तीच अधिक आंत ढकलली जाते; अधिक चपटी झाली कीं तिची शक्ति आणखी घटते; शक्ति घटली कीं ती आणखी चेपते. कमानीचें असेंच आहे. कमान आपल्या आकारांत असेपर्यंत शेंकडों मण ओझें पेलते. एक दगड ढळला कीं सगळी ढांसळते. बाहेरच्या दाबाखालचा नळ म्हणजे चोहों बाजूंनीं वळलेली कमानच होय. त्याचें रक्षण पोलादाच्या बळापेक्षां त्याच्या आकारावर अधिक अवलंबून असतें.

हें सत्य माणसाला समुद्राच्या तळीं नव्हे, तर गिरणीच्या आवारांत कळलें. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत लँकेशायर पद्धतीचे बॉयलर सुरू झाले. पुढें मुंबई-सोलापूरच्या गिरण्यांतहि ते आले. त्यांत विस्तवाच्या मोठ्या नळ्या पाण्याच्या आंत असत; म्हणजे दाब नळीच्या बाहेरून. नळी आंतून जेवढा दाब सोसते तेवढाच बाहेरून सोसेल, अशा समजुतीवर नळ्या बनविल्या जात. आणि त्या चेपून बॉयलर फुटत, माणसें मरत. विल्यम फेअरबेर्न या अभियंत्यानें नळ्या पाण्याच्या दाबाखालीं चेपून पाहिल्या व १८५८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाहेरच्या दाबाला नळी फार लवकर नमते. तिची जाडी दुप्पट केली तर शक्ति दुपटीनें नव्हे, चौपटीहून अधिक वाढते. आणि लांब नळीपेक्षां आंखूड नळी अधिक टिकते, असें त्यास आढळलें. म्हणून नळीवर मधून मधून मजबूत कडीं बसवावीं, असा सल्ला त्यानें दिला. पुढें गणितज्ञांनीं फार लांब नळांसाठीं हा नियम नीट बसविला: नळ चेपण्यास लागणारा दाब जाडी व व्यास यांच्या गुणोत्तराच्या घनावर अवलंबून असतो. म्हणजे जाडी दुप्पट केली तर आंतला दाब सोसण्याची शक्ति दुप्पट होते, आणि बाहेरचा दाब सोसण्याची शक्ति आठपट.

आतां दोन समुद्र शेजारीं ठेवूं. काळ्या समुद्राच्या तळावरून रशियाचा वायु तुर्कस्तानास नेणारा ब्लू स्ट्रीम नांवाचा जोडनळ आहे. त्यांतून २००३ सालीं वायु वाहूं लागला. तो २,१५० मीटर खोल उतरतो. तेथें बाहेरचा दाब २१५ वातावरणांच्या वर, म्हणजे नॉर्ड स्ट्रीमच्या आंतल्या दाबाच्या जवळजवळ बरोबरीचा. आंकडा तोच, बाजू मात्र उलटी. नॉर्ड स्ट्रीमचा ३४.६ मिलिमीटर जाडीचा नळ रिकामा करून काळ्या समुद्रांत सोडला असता, तर तो अगदीं निर्दोष वर्तुळ आहे असें मानूनहि, शंभर वातावरणांच्या सुमारास, म्हणजे हजार मीटरांच्या आसपासच चेपला असता. अर्धी वाटहि पुरी झाली नसती. म्हणून ब्लू स्ट्रीमच्या अभियंत्यांनीं व्यासच निम्म्यावर आणला. त्या नळाचा बाहेरचा व्यास २४ इंच, म्हणजे सुमारें ६१ सेंटिमीटर, आणि जाडी ३१.८ मिलिमीटर. जाडी जवळजवळ तीच, पण ती व्यासाच्या एकोणिसाव्या हिश्शाइतकी झाली. पूर्वीच्या नळांत ती पस्तिसाव्या हिश्शाइतकी होती. घनाच्या नियमानें एवढ्यानेंच त्याची शक्ति सहापट वाढली. पोलादाच्या मर्यादेची व वर्तुळांतल्या उणिवांची वजावट करूनहि ती २१५ वातावरणांच्या बरीच वर राहते.

येथें कोणी म्हणेल, ब्लू स्ट्रीमच्या आंतहि दाबानें वायु असतोच ना? मग बाहेरच्या दाबाची एवढी धास्ती कशाला? हेंच तें चुकीचें निम्में. नळ जन्मभर भरलेला नसतो. तो समुद्रांत सोडला जातो तेव्हां बहुधा रिकामा असतो, आणि त्याच वेळीं जहाजावरून तळाकडे जातांना वांकलेलाहि असतो. वांकविलेली नळी अधिक लवकर चपटी होते, हें रबरी नळी दुमडून पाहणाऱ्या मुलालाहि ठाऊक असतें. पुढें दुरुस्तीसाठीं किंवा कांहीं अपघातानें आंतला दाब उतरूं शकतो. म्हणून चेपण्याचा हिशेब करतांना शहाणा अभियंता आंतल्या दाबाची मदत जमेस धरीत नाहीं. तिजोरींतले पैसे उद्यांहि असतील असें मानून कर्ज काढणारा गृहस्थ आणि आंतल्या दाबाच्या भरंवशावर भिंत पातळ करणारा अभियंता, हे एकाच माळेचे मणी.

खोल समुद्रांत आणखी एक विलक्षण संकट असतें. नांगर आदळून वा जास्त वांकून नळ एके ठिकाणीं चपटा झाला, तर तो चपटेपणा तेथेंच थांबेल असें नाहीं. एकदां चेप सुरू झाल्यावर तो पुढें पसरविण्यास लागणारा दाब, तो प्रथम उत्पन्न करण्यास लागणाऱ्या दाबापेक्षां बराच कमी असतो. समुद्राचा दाब त्याहून अधिक असला, तर चेप नळाच्या लांबीवर दोन्हीं बाजूंना धांवत सुटतो व मैलचे मैल नळ पट्टीसारखा होऊन पडतो. त्यावर उपाय म्हणजे ठराविक अंतरावर जाड पोलादाचीं कडीं. चेप धांवत येतो, जाड कड्याशीं अडतो आणि थांबतो. दोन कड्यांमधला नळ गेला तरी पुढचा वांचतो. शेताला आग लागली तर मध्यें नांगरलेला पट्टा जसा ती थांबवितो, तसाच हा प्रकार.

उथळ समुद्रांत, मुंबई हायसारख्या ठिकाणीं, बाहेरचा दाब थोडा असतो आणि आंतल्या दाबाचीच चिंता मुख्य असते. पण उथळ पाण्यालाहि आपलें एक दुखणें आहे. आंतला दाब व आंतल्या तेलाची उष्णता या दोहोंनीं नळ लांब होऊं पाहतो. एक किलोमीटर पोलादी नळ ५० अंशांनीं तापला, तर तो मोकळा असल्यास सुमारें ६० सेंटिमीटर वाढेल. परंतु समुद्रतळाची माती त्याला धरून ठेवते, आणि अडविलेला नळ लांबीच्या दिशेनें दडपणाखालीं येतो. मातीची पकड सैल पडली कीं, भर उन्हाळ्यांत आगगाडीचे रूळ जसे बाजूला वांकतात तसा तो एकदम बाजूला वांकतो. ब्राझीलमध्यें रिओ दि जानेइरो शहरालगतच्या ग्वानाबारा उपसागरांत जानेवारी २००० मध्यें हेंच घडलें. उथळ चिखलांतून गरम तेल नेणारा नळ वांकून फाटला आणि सुमारें तेरा लाख लिटर तेल उपसागरांत पसरलें. खारफुटीचीं रानें काळीं पडलीं, आणि पाण्यावर पोट असलेल्या कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर पडून राहिल्या. आपल्याकडेहि मे १९९३ मध्यें मुंबई हायहून उरणला येणारा तेलाचा मोठा नळ फुटून तेल समुद्रांत गेलें होतें. नळांतल्या ताणाचा हिशेब ही केवळ अभियंत्याच्या वहींतली गोष्ट नाहीं; त्या हिशेबाच्या भरंवशावर कोळ्याची जाळीं आणि शहराची चूल दोन्हीं अवलंबून असतात.

तेव्हां श्रोतेहो, सारांश असा. फुटण्याचा प्रश्न असतो तेव्हां आंतल्या व बाहेरच्या दाबांची वजाबाकी करावी. तेथें भिंतीच्या बळाचा विचार मुख्य. चेपण्याचा प्रश्न असतो तेव्हां आंतला दाब नाहीं असें समजून चालावें. तेथें नळाच्या गोलाईचा विचार मुख्य. आणि तेल गरम असेल तेव्हां घेराबरोबर लांबीकडेहि पाहावें. दाबाचा नुसता आंकडा ऐकून नळाविषयीं मत देऊं नये. तो दाब कोणत्या बाजूनें आहे, कोणत्या वेळीं आहे आणि त्या वेळीं नळाचा आकार कसा आहे, हें आधीं विचारावें. मुलांपैकीं कोणाला याची प्रचीति पाहिजे असेल, तर फार खर्च नाहीं. एक कागदी नळी घ्यावी, तिचें एक टोंक बोटानें दाबून धरावें. एकदां फुंकावें व एकदां ओढावें. समुद्राच्या तळाशीं काय चालतें, तें ओठांशींच कळेल.